आमची नकाशेवाली मंडळी आणि भेगेखालची वाडी

आमच्या शाखेची सभा संपली की खुर्च्या आम्हालाच उचलाव्या लागतात. हॉल कॉलेजचा, शिपाई पाचच्या ठोक्याला घरी, आणि नेने सरांचा दंडक असा की जागा जशी मिळाली तशी परत करायची. तर या खुर्च्या उचलता उचलता किस्से निघतात. सभेत बोलायचं राहून गेलेलं नेमकं खुर्ची हातात असताना आठवतं. वर्षानुवर्षं असे साठत गेले आणि आता त्यांचा चांगला ढीग झालाय.

ही शाखा कसली, ते आधी सांगते. उपग्रहानं, विमानानं आणि हल्ली ड्रोननं वरून काढलेल्या चित्रांवरून खालची जमीन ओळखायची, तिचे नकाशे करायचे, हा ज्यांचा पेशा आहे किंवा नाद आहे, त्यांची देशभर पसरलेली एक संस्था आहे. तिची रत्नागिरीची शाखा म्हणजे आम्ही. अध्यक्ष नेने सर, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. दामले, पेशानं सर्व्हेअर, शिवाय हापूसचे बागायतदार, शिवाय तोंडानं फटकळ. आणि मी, पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकवते, शाखेची चिटणीस. बाकीचे सभासद चहा असेल तेव्हा येतात.

दर शनिवारी आम्ही मुलांसाठी वर्ग घेतो. कॉलेजच्या पुस्तकात हा विषय जेमतेम एका धड्याचा. मुलं व्याख्या पाठ करतात, मार्क मिळवतात आणि उपग्रहाचं एकही चित्र धड न बघता इंजिनिअर होतात. हे कुणी शिकवायचं? नोकरी देणारे म्हणतात कॉलेजनं, कॉलेज म्हणतं नोकरी देणाऱ्यांनी. या दोघांच्या मधली जागा आमच्यासारख्या शाखा धरून बसतात.

किस्से तसे हसण्याचे आहेत. पण त्यातले बरेचसे संगमेश्वरच्या बाजूच्या एका वाडीपाशी जाऊन थांबतात, आणि तिथे आलो की आम्ही कुणी हसत नाही.

*

सायली नावाची विद्यार्थिनी वर्गाला पहिल्यांदा आली त्या दिवशीची गोष्ट.

नेने सरांनी पडद्यावर एक उपग्रहचित्र लावलं होतं आणि मुलांना विचारलं, "काय दिसतंय?" मुलांनी नीट बघून सांगितलं की एक खोल दरी दिसतेय आणि तिच्या दोन्ही बाजूंना उंच डोंगर आहेत. दरीच्या तळाशी सडा आहे, म्हणजे आमच्याकडचं ते कातळाचं पठार. एकानं तर दरीची खोलीही अंदाजानं सांगून टाकली!

दामले मागच्या बाकावरून ओरडले, "अरे, आणि नदी? नदी कुठून वाहतेय?"

"डोंगराच्या माथ्यावरून, सर."

"छान! म्हणजे आता तुम्हाला आंबे उतरवायला विहिरीत उतरावं लागणार!"

वर्ग हसला. हसली नाही ती फक्त सायली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ती दरी नाहीये. तो आमचा डोंगर आहे. आमची वाडी त्याच्या खाली आहे."

सरांनी चित्र उलटं फिरवलं, खालची बाजू वर. आणि दरी होती तिथे डोंगर उभा राहिला! मुलांच्या तोंडून 'आँ!' निघालं. मग सरांनी समजावलं. आपल्याकडे ऊन बहुतेक दक्षिणेकडून येतं, म्हणजे चित्रात खालून. माणसाच्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय. त्यामुळे सावल्या फसवतात आणि डोंगराची दरी होते. या क्षेत्रातल्या भल्याभल्यांचा डोळा असा फसतो.

डोंगर सरळ झाल्यावर त्याच्या पायथ्याशी बारीक ठिपके दिसायला लागले. दहा-बारा घरं असतील.

"यातलं तुझं कुठलं गो?" दामल्यांनी विचारलं.

सायलीनं डोंगराला सगळ्यात चिकटून असलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.  

*

दुसऱ्या शाखेतला एक हुशार तरुण आमच्या कार्यशाळेला आला होता. त्यानं रत्नागिरीच्या आसपासचा जमीनवापराचा नकाशा संगणकावर करून आणला होता. रंग सुरेख, अक्षर सुरेख. फक्त सगळे सडे 'पडीक' आणि दामल्यांची हापूसची बाग 'घनदाट वन'!

दामले ताडकन उठले. "माझ्या आज्यानं कातळ फोडून, माती आणून लावलेली कलमं आहेत ती! वन काय म्हणता? उद्या वनखातं येईल माझ्या दारात, वाघ कुठे आहेत विचारायला!"

पोरगा गोरामोरा झाला. नेने सरांनी दामल्यांना बसवलं आणि त्या पोराला जीपमध्ये घालून थेट सड्यावर नेलं. आम्हीही गेलो. पावसाळा नुकताच सरला होता. कातळावरच्या तळ्यांतून पाणी होतं, निळीजांभळी फुलं होती, गुरं होती आणि बायका गवताचे भारे बांधत होत्या. 

"आता याला कुठला रंग देशील?" सरांनी विचारलं.

"अजून ठरवता येत नाही, सर."

सर इतके खूश झाले की परतताना त्यांनी त्याला हातखंब्याला मिसळ खाऊ घातली. आमच्या शाखेचा नियम आहे, ज्या जमिनीला रंग द्यायचा तिच्यावर आधी उभं राहून यायचं. छापील अभ्यासक्रमात हा नियम मला कुठे सापडलेला नाही.

*

आमच्याच एका विद्यार्थ्यानं ऐन पावसाळ्यात बंदराजवळ चक्क तळी शोधून काढली. ड्रोनच्या फोटोत रांगेनं निळे निळे चौकोन दिसत होते आणि संगणकानं त्यांना पाणी ठरवलं होतं. नियमाप्रमाणे त्याला घेऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो. तळ्यांच्या जागी ओढून ठेवलेल्या होड्या होत्या, निळ्या ताडपत्र्या घालून पावसासाठी झाकलेल्या.

तिथे बसून जाळं दुरुस्त करणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "काय शोधतांव?"

"तळी," पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला.

मावशींनी एकदा त्याच्याकडे, एकदा समोरच्या अख्ख्या समुद्राकडे पाहिलं. "इतकं पानी पुरत नाय काय रे बाबा?"

*

प्रमाणपत्रांचा किस्सा तर संस्थेच्या मुख्य कार्यालयापर्यंत पोचला.

तिकडून एक पाहुणे आले होते. वर्गाचा समारोप, फोटो, प्रमाणपत्रं, असा त्यांचा बेत. नेने सर म्हणाले, "प्रमाणपत्रं आज नाहीत. आमच्याकडे ज्यानं त्यानं स्वतःच्या नकाशातली एक चूक शोधून सगळ्यांसमोर सांगायची. मग प्रमाणपत्र."

पाहुणे चकित. "पण दुसऱ्याच्या चुका शोधायला लावा की! तेही शिक्षणच."

"ते शिकवावं लागत नाही," सर म्हणाले.

दामले म्हणाले, "या हिशेबानं मला जन्मात प्रमाणपत्र मिळायचं नाही!"

"चुका नसतात म्हणून?" पाहुण्यांनी विचारलं.

"असतात हो. सांगणार कोण?"

त्या दिवशी सायलीनं हात वर केला. तिनं आपल्याच गावचा उताराचा नकाशा केला होता. कुठला उतार पावसात धोक्याचा, कुठला सुरक्षित, असा. तिच्या नकाशात वाडीवरचा डोंगर हिरवा होता, म्हणजे सुरक्षित. ती म्हणाली, "माझी चूक अशी की मी वर सड्यावर गेलेच नाही. घर तिथंच असल्यामुळे मला सगळं माहीत आहे असं मी धरून चालले. तो हिरवा रंग मी घरात बसून दिलाय."

सरांनी तिला प्रमाणपत्र दिलं आणि त्याच दमात म्हणाले, "चला, जाऊन येऊ."

*

दामल्यांनी आपला ड्रोन घेतला आणि आम्ही चौघं वाडीत पोचलो. ड्रोन वर गेला मात्र, अख्खी वाडी अंगणात! बायकांनी पदर सारखे केले, एका आजोबांनी आत जाऊन टोपी घातली. सायलीच्या काकूनं मला हळूच विचारलं, "लगीन कुनाचं हाय?"

ड्रोन त्यांनी आजवर फक्त लग्नातच पाहिला होता.

दामले खूश होऊन म्हणाले, "सगळ्यांनी वर बघून हसा!" आणि सगळे हसले. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. दहा-बारा घरांची माणसं मान वर करून हसतायत आणि त्यांच्या पाठीशी डोंगर आहे.

मग ड्रोन डोंगरावरून सड्यावर गेला. दामल्यांच्या हातातल्या पडद्यावर कातळात एक काळी रेघ दिसली, वाडीच्या बरोबर वर, कमानीसारखी वाकलेली. दामल्यांनी ड्रोन तिथेच थांबवला. 

आम्ही वर चढून गेलो. ती भेग होती. कडेच्या बाजूची जमीन किंचित खाली बसलेली. सायलीनं हातातली छत्री भेगेत उभी सोडली. छत्री मुठीपर्यंत आत गेली.

"सर," ती म्हणाली, "आता रंग?"

 खाली उतरताना सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, आधाराला म्हणून की तिच्यासाठी म्हणून, मला सांगता येणार नाही.

*

नवा नकाशा झाला. वाडी सगळी लाल.

सायलीचे वडील, भिकाअण्णा, भात आणि थोडे काजू करणारे शांत गृहस्थ. त्यांनी नकाशा हातात धरून पाहिला आणि मुलीला म्हणाले, "ऱ्हात्या घराला लाल रंग देताना तुजा हात कसा गेला गो?"

सायली रडली. पण रंग बदलला नाही.

आम्ही तिघं मुद्दाम भेटायला गेलो. त्यांनी कोकम सरबत दिलं, ओटीवर बसवलं. सरांनी भेग, पाऊस, कातळाखालची माती, भेगेत पाणी शिरलं की डोंगर कसा खाली येतो, सगळं सावकाश सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, माजी पोर तुमच्याकडं धाडली ती शिकून नोकरीला लागंल म्हणून. आमाला घरातनं काडायला नाय धाडली."

 सरबत संपवून आम्ही उठलो. मला त्या माणसाचा राग आला नाही. आपल्या घरावर कुणी लाल रंग फासला असता तर मीही हेच म्हटलं असतं.

तालुक्याला कळवलं. त्यांची माणसं येऊन बघून गेली. पावसाळाभर राहायला पलीकडच्या गावातली शाळा मोकळी करून देतो म्हणाले, पण माणसांनी आपणहून निघायला हवं. उचलून कुणाला नेणार?

*

याच सुमारास आमच्या शाखेत एकदाच काय ते मोठं भांडण झालं.

मुख्य कार्यालयातले तेच पाहुणे फोनवरून सभेला हजर होते. त्यांचं म्हणणं पडलं की संस्थेचं काम शिक्षणाचं. मुलीनं नकाशा केला, शिकली, उत्तम. आता त्यात शाखेनं पडू नये. उद्या डोंगर खाली नाही आला तर लोक आपल्याला हसतील, आणि आपल्या नकाशावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही.

शेवटचा मुद्दा खोटा नव्हता. 

नेने सरांचा आवाज एरवी चढत नाही. त्या दिवशी चढला. "मुलीला वाचायला शिकवायचं आणि वाचलेलं बोलू नको म्हणायचं? मग शनिवारी येऊन मी करतो काय इथे? लोक हसू देत ना! डोंगर आला नाही आणि माझ्यावर अख्खं गाव हसलं, तर मी पेढे वाटीन!"

दामले उठले, फोनजवळ गेले आणि म्हणाले, "पेढे माझ्याकडून." आणि फोन ठेवून टाकला!

*

आणि आता हा किस्सा कौलाचा.

मृग लागून गेला होता. अधूनमधून सरी येत होत्या, मोठा पाऊस अजून यायचा होता. वाडीनं ठरवलं, जायचं की राहायचं ते ग्रामदेवतेला विचारायचं. कौल लावायचा. देऊळ वाडीच्या टोकाला, डोंगराच्या अंगाला. सायलीनं आम्हाला निरोप दिला आणि आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो.

देवळात सगळी वाडी जमली होती. दामले माझ्या कानात म्हणाले, "आता सगळं त्या पाकळीवर!" नेने सर मांडी घालून पुढे बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. आयुष्यभर मोजमापं शिकवलेला माणूस. 

कौल असा असतो. गुरव देवाच्या पाषाणावर डावीउजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवकाकांनी आधी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुजी लेकरं आज तुज्याकडं आली हायत..." आणि प्रत्येक वाक्याला सगळी वाडी एका आवाजात म्हणत होती, "व्हय म्हाराजा!" शेवटी त्यांनी विचारलं, "पावसापुरती वाडी सोडून जावं काय?"

 बऱ्याच वेळानं पाकळी पडली.

डावी.

 भिकाअण्णांनी हात जोडले आणि ते उठायला लागले. सरांनी डोळे मिटून घेतले. संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात सायली पुढे झाली. तिच्या हातात नकाशाची गुंडाळी होती. ती गुरवकाकांना म्हणाली, "काका, देवाला नुसतं विचारलंत. नकाशा वाचून दाखवलाच नाही."

"कौल एकदाच लावतात बाय."

"कौल नका लावू. मी नुसती वाचते. आमच्या शाखेत नकाशा ज्यांच्या जमिनीचा असेल त्यांना वाचून दाखवायची रीत आहे. ही जमीन देवाची ना?"

 गुरवकाका बाजूला सरकले. "वाच."

तिनं नकाशा देवासमोर पसरला आणि वाचायला लागली.  "बा देवा महाराजा, सड्यावर भेग पडली आहे. ती कमानीसारखी आहे आणि तिची दोन्ही टोकं वाडीकडे वळली आहेत." मागून कुणीतरी सवयीनं बोलून गेलं, "व्हय म्हाराजा." ती पुढे वाचत गेली. "खालच्या अंगाचं पहिलं घर सदूकाकांचं. त्यात काकू आहेत, दोन नातवंडं आहेत. लाल."

सदूकाका कोपऱ्यात बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

एकेक घर ती घेत गेली. घर कुणाचं, आत कोण कोण, गोठ्यात काय, आणि रंग. ज्याचं घर त्याच्याच तोंडून हुंकार येत होता. टोपीवाल्या आजोबांचा आला. काकूचा आला, हुंदक्यासकट.

"डोंगराला लागून असलेलं घर भिकाजीचं. त्यात आई आहे, बाबा आहेत, मी आहे. लाल."

भिकाअण्णा खांबाला धरून उभे होते.  सायली थांबून राहिली. तिनं मागे वळून पाहिलं नाही, नकाशावरचं बोटही उचललं नाही. बाहेर एक सर येऊन गेली.

"व्हय म्हाराजा," अण्णा म्हणाले. 

मग गुरवकाकांचं घर आलं. त्यांनी मान खाली घालून हुंकार भरला. मला वाटलं झालं. पण सायलीचं बोट अजून नकाशावरच होतं.

"आणि एक राहिलं," ती म्हणाली. "देऊळ."

"देवळाचं काय?" गुरवकाकांनी विचारलं.

"लाल, काका."

आता हुंकार कोण भरणार?  गुरवकाका वळून देवाकडे बघत उभे राहिले. उजवी पाकळी अजून पाषाणाला चिकटलेली होती. त्यांनी ती तशीच ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मग त्यांनी आढ्याला टांगलेल्या पालखीकडे पाहिलं. ती वर्षातून एकदा, शिमग्याला, देवाला घेऊन निघते. शिमगा होऊन महिने लोटले होते.

"पालखी खाली काढा," ते पोरांना म्हणाले. "आदी देव हलंल."